चिंध्यांतले बायबल आणि आजीची ओवी

(शताब्दी सोहळ्यात दिलेले भाषण)



या शताब्दीच्या निमित्ताने आपल्या पूर्वजांच्या गाण्यांवर काही बोला, असे समितीने मला सांगितले. मी मात्र आज बराच वेळ अमेरिकेतल्या गाण्यांविषयी आणि तिथल्या एका गोधडीविषयी बोलणार आहे. गाणी ख्रिस्ती लोकांची, गोधडीही ख्रिस्ती बाईची. तुम्ही म्हणाल, बाईंनी विषय सोडला. थोडा धीर धरा. शेवटी आपण आपल्याच ओसरीवर येऊन बसणार आहोत.

मी प्राथमिक शाळेतली बाई. लहान मुलांना मराठी मुळाक्षरे शिकवण्यात माझे आयुष्य गेले. हातात सतत तांबडी पेन्सिल. ऱ्हस्वाचे दीर्घ कर, चुकलेला काना खोड, असा हाताला चाळाच लागला आहे. त्या तांबड्या पेन्सिलीने मी एकदा एक मोठी चूक केली. ती कोणती, हे मी शेवटी सांगेन. ती चूक मला तीस वर्षे कळली नव्हती. ती कळली बॉस्टनमध्ये, एका काळ्या बाईने शिवलेल्या गोधडीसमोर.

2021च्या डिसेंबरात मी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेले होते. बाळ महिन्याभराचे झाले, मुलगी हिंडू-फिरू लागली, तेव्हा जावईबापूंनी मला बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात नेले. तिथे त्या दिवसांत अमेरिकेतल्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले होते. मला आधी हसू आले. गोधड्या बघायला तिकीट काढायचे? आपल्याकडे त्या दोरीवर वाळत घालतात.

आत गेले आणि हसू गेले. अंधुक उजेडाच्या दालनात दोन गोधड्या लावल्या होत्या. दोन्ही हॅरिएट पॉवर्स नावाच्या एकाच बाईच्या हातच्या. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाची, दुसरी बॉस्टनचीच. शंभर वर्षांहून अधिक काळ त्या एकमेकींपासून दूर होत्या आणि या प्रदर्शनात पहिल्यांदाच एकत्र आल्या होत्या. बॉस्टनची गोधडी सुमारे पावणेसहा फूट रुंद आणि पावणेनऊ फूट लांब आहे. तिच्यात पंधरा चौकोन आहेत. प्रत्येक चौकोनात कापडाची माणसे, जनावरे, सूर्य, चंद्र, तारे कापून वरून शिवलेले. आपल्या मुलांनी चिकटकाम करावे तसे साधे आकार. पण माझे पाय तिथून हलेनात.

हॅरिएट पॉवर्सचा जन्म 1837 सालचा, जॉर्जिया राज्यातला. जन्मली ती गुलाम म्हणून. अमेरिकेतली गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, लेकुरवाळी होती. पुढे नवऱ्याबरोबर तिने थोडी जमीन केली आणि शिवणकाम केले. 1886 साली अथेन्स या गावच्या कापसाच्या जत्रेत तिने आपली एक गोधडी मांडली. अकरा चौकोनांत आदाम-हव्वेपासून ख्रिस्ताच्या वधस्तंभापर्यंतची कथा होती. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिकवणाऱ्या एका गोऱ्या बाईने ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएट म्हणाली, कोणत्याही किमतीला देणार नाही.

चार-पाच वर्षांनी दिवस वाईट आले. हॅरिएट बैलगाडीतून जेनीबाईच्या दारात आली. गोधडी मांडीवर होती, गोणपाटात गुंडाळलेली. गोणपाट म्हणजे आपली गोनी. आपल्या आज्या उसाच्या शेतात कमरेला तीच गुंडाळून काम करायच्या. हॅरिएटने दहा डॉलर मागितले. जेनीबाईंजवळ पाचच होते. नवऱ्याशी बोलून तिने पाचाला गोधडी दिली. त्यानंतरही ती अनेकदा त्या घरी आली. कशाला? गोधडीला भेटायला. सासरी दिलेल्या लेकीला भेटायला जावे तशी.

जेनीबाईंनी एक फार चांगले काम केले. गोधडी घेताना त्यांनी हॅरिएटला शेजारी बसवून विचारले, या चौकोनात काय आहे, त्या चौकोनात काय आहे. आणि तिने सांगितले ते लिहून ठेवले. म्हणून आज आपल्याला ती गोधडी वाचता येते. हॅरिएट निरक्षर होती असे लोक पुष्कळ वर्षे धरून चालले होते. अलीकडे तिच्या एका पत्राची नक्कल सापडली आणि तिला वाचता येत होते असे दिसून आले. आम्हा शिकलेल्यांना ही सवयच असते. जो आपल्यासारखे लिहीत नाही, त्याला काही येत नाही असे आम्ही धरून चालतो.

आता बॉस्टनच्या गोधडीवर काय आहे ते ऐका. पहिल्या चौकोनात ईयोब आहे. त्या भल्या माणसाचे घर, लेकरे, आरोग्य सारे गेले. हॅरिएटचा ईयोब आपल्या वैऱ्यांसाठी प्रार्थना करतो आहे. पुढे रानात पितळेचा साप उंच धरणारा मोशे आहे, माशाच्या तोंडी गेलेला योना आहे, आणि शेवटच्या चौकोनात दोन चोरांच्या मध्ये वधस्तंभावर टांगलेला ख्रिस्त. हे झाले बायबल. पण याच चौकोनांच्या शेजारी, तेवढ्याच मापात, तिच्या स्वतःच्या मुलखातल्या गोष्टी आहेत. एका चौकोनात 13 नोव्हेंबर 1833ची रात्र आहे. त्या रात्री आकाशातून उल्कांचा असा पाऊस पडला की जगाचा अंत आला असे लोकांना वाटले. हॅरिएटचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तिने ते आईकडून, आजीकडून ऐकले असणार. आणि तिने सांगितलेला अर्थ असा, की देवाच्या हाताने ते तारे थांबवले. आणखी एका चौकोनात एक डुकरीण आहे. तिचे नाव बेट्स. ती जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळत गेली! डुकरिणीच्या त्या चौकोनात श्रीमंत माणसेही आहेत. त्यांना देवाविषयी कोणी काही शिकवलेच नव्हते, असे हॅरिएट सांगते. मालकांची बाजू तिने एवढ्या एका वाक्यात संपवली.

पाचशे मैल पळणारी डुकरीण आणि ख्रिस्ताचा वधस्तंभ एकाच कापडावर कसे, असा प्रश्न मला पडला. उभ्या उभ्या विचार करताना माझ्या लक्षात आले की हॅरिएटला तो प्रश्न पडलाच नसता. बायबलमधला देव आणि आपल्या अंगणावरचे आभाळ तिच्या लेखी वेगळे नव्हते. योनाला ज्याने माशाच्या पोटातून काढले, त्यानेच आमच्या रात्रीचे तारे धरले. जुन्या पोथीत जागा नसलेल्या माणसाने स्वतःचे चौकोन शिवून त्या पोथीला जोडले. मला तिथे ख्रिस्ती धर्म थोडा कळला असे मी म्हणेन. शाळेत असताना मी बायबलच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण ते कळणे वेगळे होते.

त्या उल्कांच्या रात्रीनंतर वर्ष भरायला थोडे दिवस होते, तेव्हा 2 नोव्हेंबर 1834 रोजी अॅटलास नावाचे जहाज छत्तीस मजूर घेऊन आपल्या पोर्ट लुईच्या बंदरात आले. ही तारीख आपल्याला पाठ आहे. 1 फेब्रुवारी 1835ची तारीखही पाठ आहे. त्या दिवशी या बेटावरचे गुलाम मुक्त झाले. त्यांच्या जागी उसात राबायला आपले लोक आणले गेले. दोन्ही दिवसांची आपल्याकडे सुट्टी असते. म्हणून हॅरिएटची गोष्ट मला परक्याची वाटत नाही.

तरी एक फरक आपण विसरू नये. आपल्या पूर्वजांनी पुष्कळ सोसले, पण त्यांच्या गाठोड्यात त्यांची भाषा होती, गणपती होता, विठोबा होता, झाकरीची गाणी होती. करार होता, तो कितीही खोटा असो. गुलामांना गाठोडेच नव्हते. आफ्रिकेतली भाषा गेली, नाव गेले, देव गेले. मिळाला तो मालकाचा धर्म, आणि मालकाचा उपदेशक त्यातले एकच शिकवी, की गुलामांनो, धन्याची आज्ञा पाळा. मग या लोकांना त्याच धर्मात देव सापडला कसा?

याचे उत्तर हॉवर्ड थर्मन यांच्या आजीपाशी मिळते. थर्मन हे अमेरिकेतले मोठे काळे धर्मचिंतक. त्यांच्या आजीचे बालपण गुलामगिरीत गेले होते. नातू तिला बायबल वाचून दाखवी, पण संत पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. फक्त प्रेमावरचा एक अध्याय कधीमधी चाले. कारण मालकाचा पाद्री नेहमी पौलाचाच आधार घेऊन गुलामांना आज्ञाधारक राहायला सांगायचा. तिने ठरवले होते, सुटका झाली आणि वाचता आले तर तो भाग वाचायचा नाही. पण तिने ख्रिस्ताला सोडले नाही. वर्षातून दोन-तीनदा दुसऱ्या मळ्यावरचा एक गुलाम उपदेशक येत असे. तो ख्रिस्ताच्या मरणाची कथा सांगायचा आणि शेवटी समोरच्यांकडे बघत म्हणायचा की तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात. आजी हे सांगताना ताठ बसायची, असे थर्मननी लिहून ठेवले आहे.

त्या उपदेशकाच्या तोंडी कथा होती, आणि लोकांच्या तोंडी गाणी. शेतात, झोपडीत, रात्री रानात जमून म्हटलेली ती गाणी कुणी लिहिली हे कुणाला माहीत नाही. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आपल्या झाकरीसारखीच. त्या गाण्यांत मोशे लोकांना दास्यातून बाहेर काढतो, दानीएल सिंहाच्या गुहेतून वाचतो. आणि ख्रिस्त? तो गोठ्यात जन्मलेला, सुताराचा मुलगा, ज्याला शिपायांनी फटके मारले आणि चोरांबरोबर टांगले. मालकांच्या देवळात तो उंच खिडकीच्या रंगीत काचेत असायचा. गाणाऱ्यांनी त्याच्या पाठीवरचे वळ ओळखले. ज्याच्या स्वतःच्या पाठीवर वळ आहेत, त्यालाच ते पटकन दिसतात. सुशिक्षित धर्मपंडितांनी जाड जाड ग्रंथांत जे लिहिले, ते या लोकांना गाता गाता उमगले होते, की देव वर राहून दया करत नाही, तो खाली उतरून मार खाणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो.

पण ही गाणी टिकली कशी, ते ऐका. गुलामगिरी संपल्यावर नॅशव्हिल शहरात 1866 साली मुक्त झालेल्या लोकांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पुढे तेच फिस्क विद्यापीठ. पाच वर्षांत शाळेची तिजोरी रिकामी झाली. जॉर्ज व्हाइट हे तिथले खजिनदार आणि गाणेही शिकवणारे. 6 ऑक्टोबर 1871 रोजी ते नऊ विद्यार्थ्यांना घेऊन पैसे गोळा करायला निघाले. त्यांतले बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले. सुरुवातीला ही मुले गोऱ्यांची गाणी गात. आपल्या आईबापांची गाणी चारचौघांत गायची त्यांना लाज वाटे. त्यांच्यातली पियानो वाजवणारी एला शेपर्ड हिने पुढे लिहिले आहे की ती गाणी गुलामगिरीची आठवण होती, विसरून जावे असे काहीतरी होते, आणि शिवाय आईबापांसाठी ती पवित्र होती.

मंडळी, ही लाज आपल्यातल्या कुणाला ओळखीची नाही? आजीची भाषा शाळेच्या मैत्रिणींसमोर ऐकू आली की आपण मान खाली घालत होतो, ते आठवा.

नोव्हेंबर 1871मध्ये ओहायो राज्यातल्या ओबर्लिन गावी ख्रिस्ती मंडळ्यांची मोठी परिषद भरली होती. मधल्या सुट्टीत लोक बोलत उभे होते, गलका चालला होता. या मुलांनी हळू आवाजात ‘स्टील अवे’ हे आपल्या आईबापांचे गाणे सुरू केले. सभागृह शांत झाले. त्या दिवसानंतर लोक त्यांच्याकडे हीच गाणी मागू लागले. त्यांनी आपल्या मेळ्याला ज्युबिली हे नाव घेतले. बायबलमध्ये दर पन्नासाव्या वर्षी दासांना मोकळे करण्याची आज्ञा आहे, त्या वर्षाचे हे नाव. 1873 साली त्यांनी इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोर गायन केले. मिळालेल्या पैशांतून फिस्कमध्ये ज्युबिली हॉल उभा राहिला आणि 1 जानेवारी 1876ला त्याचे उद्घाटन झाले. ज्या गाण्यांची लाज वाटत होती, त्यांनी विटा-चुन्याची शाळा बांधली.

पुढे 1936 साली थर्मन आणि त्यांच्या पत्नी हिंदुस्थानात असताना बार्डोलीला गांधीजींना भेटले. हेच गांधीजी 1901 साली आपल्या बेटावर येऊन गेले होते. निघताना गांधीजींनी पाहुण्यांना त्यांच्या लोकांचे एक गाणे म्हणायला सांगितले. गाणे ख्रिस्ताच्या वधस्तंभाचे होते. गांधीजी ख्रिस्ती नव्हते, पण त्या गाण्यात सगळ्या मानवजातीच्या दुःखाचे मूळ त्यांना दिसत होते. माझ्यासारख्या गणपती बसवणाऱ्या बाईने या विषयावर बोलावे की नाही, अशी शंका मला होती. ही हकिकत कळल्यावर ती गेली. आणि आपल्याला हे नवीन आहे का? दर सप्टेंबरच्या आठ तारखेच्या रात्री आपले हिंदू, मुसलमान, चिनी शेजारी सेंट-क्रॉसला पेर लावालच्या समाधीकडे चालत जात नाहीत का? पेर लावाल 1841 साली या बेटावर आले. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना त्यांनी क्रेओलमध्ये देवाची गोष्ट सांगितली. साहेबांची भाषा आधी शिका, मग देव समजेल, असे ते म्हणाले नाहीत.

आता परत त्या गोधडीकडे. एका चौकोनात कडाक्याच्या थंडीचा गुरुवार आहे. प्रार्थनेला बसलेली एक बाई तशीच गोठली, खेचराच्या श्वासाचे बर्फ झाले, निळे पक्षी मेले. हॅरिएटने त्याची तारीख सांगितली आहे 10 फेब्रुवारी 1895. मी घरी येऊन कॅलेंडर काढले. सवयच ना! त्या तारखेला गुरुवार नव्हता, रविवार होता. माझा हात लगेच तांबड्या पेन्सिलीकडे गेला.

मग मला आठवले की ती तारीख मी आधी कुठेतरी वाचली आहे. त्याच रविवारी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आपले रेव्हरंड टिळक. जन्म 1861, करजगाव, रत्नागिरी जिल्हा. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी घराण्यांच्या मुलखातलाच हा माणूस. ज्या अमेरिकन मराठी मिशनबरोबर त्यांनी पुढे अहमदनगरला काम केले, ते मिशन 1813 साली अमेरिकेहून मुंबईत आलेल्या लोकांचे. मिशनरी आपल्याबरोबर विलायती चालींची गाणी घेऊन आले होते. टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तने केली. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची गीते महाराष्ट्रातल्या मराठी चर्चमध्ये आजही टाळ-तबल्यावर गातात. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लिहायला घेतले आणि अकराव्या अध्यायाच्या आसपास ते 1919 साली वारले. ते काव्य पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या या बाईने साठाहून अधिक अध्याय लिहिले!

जॉर्जियातली हॅरिएट आणि रत्नागिरीकडचे टिळक यांना एकमेकांचे नावही माहीत नव्हते. पण दोघांनी एकच गोष्ट केली. परक्याच्या हातून आलेला देव त्यांनी आपल्या घरच्या कापडात आणि आपल्या घरच्या चालीत घेतला. तेव्हाच तो त्यांचा झाला. माणूस आपल्या खऱ्या आवाजात बोलतो तेव्हा देव ऐकतो, आणि तो आवाज शुद्ध झाल्याची वाट पाहत नाही, एवढे मला या सगळ्यांतून समजले.

आता माझी चूक.

मी शिक्षिकेच्या प्रमाणपत्रासाठी अभ्यास करत होते तेव्हा घरातली लोकगीते गोळा करून आणा, असे काम आम्हाला दिले होते. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जाते कधीच मोडले होते, पण ती तांदूळ निवडताना म्हणायची. त्या ओव्या तिच्या आईच्या. आजीची आई लहान पोर असताना आईबापांबरोबर बोटीतून इथे आली होती. मी वही घेऊन बसले. आजीच्या ओवीत ‘तबलिसमा’ असा शब्द आला. साखरेच्या कारखान्याला क्रेओलमध्ये म्हणतात तो. मी तो खोडून ‘कारखाना’ लिहिले. ‘डिपू’ आले, मी ‘बंदर’ लिहिले. आणि एका ओवीत नदीच्या आधी एक शब्द होता. तो मला कळला नाही. आजीला विचारले, तर ती म्हणाली, “माज्या आयेनं सांगितला तसा सांगतंय.” शब्दकोशात तो नव्हता. मी ठरवले, हा अर्थहीन शब्द आहे, आणि त्या जागी ‘सुंदर’ लिहिले. सुंदर नदी. वृत्तात बसत होते.

पुरी वही आजीला वाचून दाखवली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “चांगला लिवलंस. पन ह्या माजा गाना नाय. ह्या तुजा गाना.” मी हसले. मला उत्तम गुण मिळाले. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली.

काही वर्षांपूर्वी आम्ही आजीच्या आजोबांची नोंद शोधून काढली. कागदावर जिल्हा आहे, रत्नागिरी. गावाचे नाव मात्र कुणा कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत लिहिले आहे, आणि ते कोणत्याच गावाशी जुळत नाही. आम्ही नकाशे पाहिले, कोकणातल्या लोकांना विचारले. काही लागले नाही. आणि मग बॉस्टनमध्ये, जेनी स्मिथने हॅरिएटचे बोलणे जसेच्या तसे लिहून ठेवले होते हे वाचताना, माझ्या पोटात गोळा आला. तो नदीच्या आधीचा शब्द. ती आमच्या गावची नदी असेल का? त्या शब्दात आमचे गाव असेल का? कारकुनाने कानाने ऐकून लिहिले तेवढे तरी शिल्लक राहिले. मी, घरची मुलगी, मराठीची शिक्षिका, मी तेही ठेवले नाही. आता तो शब्द आठवायचा मी रोज प्रयत्न करते. दोन अक्षरी होता की तीन, हेसुद्धा आठवत नाही.

म्हणून हॅरिएटच्या गुरुवारला मी तांबडी खूण केली नाही. गुरुवार राहू दे. ती बाई प्रार्थनेला बसलेली असताना गोठली, हे तिला सांगायचे होते.

मंडळी, ही शताब्दी आपण थाटात साजरी करतो आहोत. भाषणे होतील, जेवणे होतील, फोटो निघतील. माझी एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी आजी, मावशी, काकू अजून गाते आहे, त्यांनी आज घरी जाऊन तिच्यासमोर बसा. फोनवर तिचा आवाज साठवा. लिहायचे असेल तर ती म्हणते तसे लिहा. क्रेओल शब्द आला तर क्रेओल लिहा, चुकीचा वाटला तर चुकीचा लिहा, कळला नाही तर कानाला येईल तसा लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह करा. गोनीचे गाठोडे माळ्यावर असेल तर ते कचऱ्यात टाकण्याआधी उघडा. आत एखादी गोधडी असेल. तिच्यात कुणाच्या लुगड्याचा तुकडा आहे, हे सांगणारे माणूस आज जिवंत आहे. दहा वर्षांनी नसेल.

माझ्या वर्गात मी आता दर शुक्रवारी मुलांना घरचे एक गाणे आणायला सांगते. परवा एका मुलीने पणजीची ओवी आणली. तिच्यात एक शब्द मला कळला नाही. मुलीने विचारले, “बाई, हा चूक आहे का?”

मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटले, “नाही बाळा. पुन्हा म्हण. मी ऐकते आहे.”